अर्ध्या शेपटीची

१ फेब्रुवारी

काल ही रिटायर झाली. चौतीस वर्षं हॉस्पिटलातल्या नवजात बाळांच्या वॉर्डात, त्यातली शेवटची अकरा हेडसिस्टर म्हणून. निरोपाला एवढी फुलं दिली की घरात बादल्या कमी पडल्या.

चौतीस वर्षं मीही नोकरीच केली म्हणायची, वाट बघायची. "आज एक बाळ निळं पडलंय, उशीर होईल." "आज तिळं झालंय, जेवून घ्या." आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी नवा शर्ट घालून खुर्चीतच झोपलो होतो. आता माझा नंबर. खाली माझं छत्र्या-बॅगा दुरुस्तीचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, मधे चौदा पायऱ्या. एकसष्टाव्या वर्षी का होईना, बायको चौदा पायऱ्यांवर आली.

ही वही मुलीने पाठवली. लग्न करून दुसऱ्या शहरात गेली तरी मला कामाला लावायचं सोडत नाही. "बाबा, आता तुमच्या दोघांच्या गमतीजमती लिहून ठेवा," म्हणाली. ठेवतो.

सकाळी दोघांनी मिळून चहा घेतला. बोलायला मी तीन विषय काढून ठेवले होते. दुसऱ्या विषयाच्या मधेच ही घड्याळाकडे बघून म्हणाली, "अहो, वॉर्डात आत्ता अंघोळी चालल्या असतील."

५ फेब्रुवारी

हिला करमत नाही. डबे घासून झाले, पडदे धुऊन झाले. आज दुकानात येऊन माझी दाभणं लांबीप्रमाणे लावून दिली. आता मला एकही सापडत नाही. तरी बोललो नाही. नवं आहे, रुळेल.

९ फेब्रुवारी

दुकानावरची ताडपत्री थंडीभर गुंडाळलेली होती. ऊन वाढलं म्हणून आज दोर सोडला, तर आतून भसकन एक गोळा माझ्या पायाशी पडला. खारीचं घरटं. सगळा माल माझ्याच दुकानातला: छत्रीच्या कापडाच्या चिंध्या, दोऱ्याची गुंतवळ, बॅगेतला फोम आणि कुठूनसा आणलेला काथ्या. मधोमध तीन पिल्लं. अंगठ्याएवढी, डोळे मिटलेले, पाठीवर नुकती मखमल आलेली आणि त्या मखमलीवर फिकट पट्टे.

मी ओरडलो. ही वॉर्डात बेल वाजल्यासारखी खाली आली. तेवढ्यात वरून आवाज, "हात लावू नका! आई येईल!" आमच्या वरच्या मजल्यावर एक मास्तर राहतात. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. विधुर, उंच, सत्तरीतही डोक्यावर भरगच्च केस. गळ्यात सदानकदा दुर्बीण. जिना उतरतानाही.

"तिची दोन-तीन घरटी असतात," मास्तर वरून शिकवू लागले. "एक मोडलं की दुसऱ्यात हलवते. लांब उभे राहा फक्त."

खरंच आली. तारेवरून उलटी, डोकं खाली करून उतरली. एक पिल्लू तोंडात धरलं, तर त्याने आईच्या मानेभोवती मफलरसारखा वेढाच घातला. तशीच गेली समोरच्या शिरीषावर. मग आली, दुसरं नेलं. ही माझा दंड घट्ट धरून बघत होती. बऱ्याच वर्षांनी धरला.

तिसऱ्याला मात्र ती आलीच नाही. मधल्या वेळात एक गिऱ्हाईक चेन बसवून मागत होतं, म्हणून मी मशीन चालू केलं होतं. दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. माझं मशीन जरा खडखडतं. त्याचा काही संबंध असेल असं वाटत नाही.

दोन तास वाट बघून हिने पिल्लू पदरात घेतलं आणि वर गेली. पायऱ्या चढताना हिची चाल एकदम पूर्वीसारखी झाली.

१२ फेब्रुवारी

आमच्या घरात आता वॉर्ड आहे. बुटांचं खोकं, त्यात माझा लोकरी मोजा, मोज्याशेजारी कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. दर तीन तासांनी दूध. गाईचं चालत नाही, पोट बिघडतं, म्हणून कुत्र्याच्या पिल्लांची पावडर. ही सगळी माहिती मास्तरांची. सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब, पिल्लाला उभं धरून, नाहीतर दूध छातीत जातं. ही माहिती मात्र हिची स्वतःची. दूध झालं की ओल्या कापसाने खालून पुसायचं, म्हणजे पिल्लू शू करतं. रानात आई चाटते म्हणे.

दुधाचा थेंब आधी मनगटावर टाकून बघते. आज माझा चहा गार होता. तो कुणी मनगटावर टाकून बघितला नाही.

मादी आहे. मी तिचं नाव महाराणी ठेवलंय. फक्त या वहीत.

१७ फेब्रुवारी

महाराणींनी डोळे उघडले. मी दुकानात होतो. हिने हाक मारली, ती मला नाही. जिन्यातून वर तोंड करून, "मास्तर, लवकर या!" मी पोचेपर्यंत दोघांची डोकी खोक्यावर टेकलेली.

"तीन पट्टे," मास्तर म्हणाले. "बघा सिस्टर, पाठीवर तीन. दुसरी एक जात असते, तिला बाजूंना आणखी दोन असतात."

"पाच आहेत," मी म्हणालो.

"कुठे?"

"मला दिसतात."

मास्तरांनी पुन्हा मोजले. तीनच आहेत, मलाही माहीत आहे. पण प्रत्येक वेळी त्यांचंच कसं बरोबर असेल?

आणि 'सिस्टर' म्हणतात. सगळं जग हिला सिस्टर म्हणतं, पण ते म्हणतात तेव्हा ती जरा ताठ उभी राहते.

२१ फेब्रुवारी

वाचनालयात जाऊन खारीवरचं जे होतं ते सगळं वाचलं. आता मीही कमी नाही. खार थंडीत झोपून राहत नाही, बारा महिने कामाला. फळं, बिया, कळ्या खाते, तशीच किडे आणि कधी पक्ष्यांची अंडीसुद्धा. मागच्या पावलाचा घोटा उलटा फिरतो, म्हणून ती झाडावरून डोकं खाली करून उतरू शकते. शेपटी म्हणजे उडी मारताना तोल, थंडीत पांघरूण आणि धोका दिसला की झटके देऊन द्यायचा इशारा. विणीच्या दिवसांत मादीमागे चार-पाच नर धावतात. पिल्लं वाढवण्यात नराचा हात नाही. तो कुठेतरी दुसरीकडे असतो.

हे शेवटचं जेवताना मोठ्याने सांगितलं.

"आपली मुलगी लहान असताना तुम्हीच तर होतात की घरी," ही म्हणाली. "मी दुसरीकडे होते."

माझा घास तसाच राहिला. चांगल्या अर्थाने म्हणाली की कसं, ते कळलं नाही. विचारायच्या आत महाराणी किचकिचली आणि ही उठली.

२५ फेब्रुवारी

एक गोष्ट लक्षात आलीय. रोज चारला ही वर जाते. रुमालाखाली काहीतरी झाकून नेते. वीस-पंचवीस मिनिटांनी येते. "पिल्लाचं विचारायला गेले होते." एवढंसं पिल्लू, त्याचं रोज पंचवीस मिनिटं काय विचारायचं? आल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुते. तरी हाताला स्पिरिटचा वास येतो. माझ्याजवळ यायच्या आधी त्या माणसाचा स्पर्श धुऊन टाकत असेल काय? छे. पण लिहिलं गेलं.

घरातला कापूस भराभर संपतो. पाव वितीच्या जनावराला एवढा कापूस!

मास्तर जिन्यात भेटले. एका पायात चप्पल, दुसऱ्यात नुसता जाड मोजा. या वयात फॅशन सुचतेय. मला बघून कठड्याला टेकून उभे राहिले आणि हसले. उतरायची घाई नाही, रुबाब सगळा.

१ मार्च

मुलीचा फोन. मी सहज म्हणून सांगितलं, की तुझ्या आईला आता माझ्यासाठी वेळ नाही.

"बाबा! तुम्ही खारीवर जळता?"

"जळत नाही. नोंद करून ठेवतोय."

ती खूप हसली. मग म्हणाली, "मी पण जळायचे हो त्या वॉर्डातल्या बाळांवर. एकदा मुद्दाम ताप आल्याचं खोटं सांगितलं होतं. आईने थर्मामीटर लावला, बघितला, आणि काही न बोलता दिवसभर घरी थांबली."

मला हे माहीत नव्हतं. मास्तरांचं काही तिला बोललो नाही.

६ मार्च

ही तीन दिवस धाकट्या बहिणीकडे जाणार. अचानक. "तिची तब्येत बरी नाही, जाऊन येते." मी म्हटलं, मी पण येतो. "आणि पिल्लू?" म्हणाली. झालं, माझ्या गळ्यात.

मला सूचनांचा कागद लिहून दिला. एकोणीस कलमं. वॉर्डातल्या नव्या पोरींना देते तसा. महाराणी आता सहा आठवड्यांची असेल, पडद्यावर चढते, दुधाबरोबर भिजवलेलं बिस्कीट आणि सफरचंदाची फोड कुरतडते. आठव्या कलमाखाली दोन रेघा होत्या: 'उघड्यावर एकटी ठेवू नये.'

७ मार्च

ही पहाटेच गेली.

महाराणीला पहिलं दूध मी दिलं. दोन्ही पुढच्या हातांनी सिरिंज धरून प्यायली. पिऊन झाल्यावर माझ्या बाहीत शिरली, दंडापर्यंत गेली आणि तिथेच झोपली. मी अर्धा तास हात हलवला नाही. अडचण म्हणून लिहितोय, कौतुक म्हणून नव्हे.

दुपारी शिवायला दोरा आणायला वर आलो तेव्हा सहज मास्तरांच्या दाराकडे नजर गेली. कुलूप. हे कधी कुठे जात नाहीत.

८ मार्च

लिहायची लाज वाटते. पण खोटंच लिहायचं तर वही कशाला?

सकाळी पावडर किती पाण्यात घालायची यात घोटाळा झाला, कागदाचा तो कोपरा महाराणीने खाल्ला होता. हिला फोन लावला, बंद. म्हणून मेव्हणीकडे लावला. "ताई? इथे? नाही हो. मी तर ठणठणीत आहे. ताई पुढच्या महिन्यात येणार म्हणाली होती."

मी फोन ठेवला. पुन्हा वर गेलो. मास्तरांचं कुलूप हातात घेऊन बघितलं, जणू ते काही सांगणार होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. चारची भेट, रुमाल, धुतलेले हात, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. चौतीस वर्षं वाट बघितली ती यासाठी?

घरात आलो तर महाराणी हिच्या उशीवर बसून अंग चाटत होती.

मी तिला खोक्यात टाकलं, खोकं गच्चीवर नेलं, कठड्यावर ठेवलं आणि झाकण काढून घेतलं. मनाशी म्हणालो, रानातलं जनावर आहे, मोकळं सोडतोय. मग खाली येऊन दुकानात बसलो आणि एका शाळेच्या दप्तराचा पट्टा शिवायला घेतला.

कावळे ओरडू लागले. आधी एक, मग चार-पाच. मी ऐकलं. ऐकूनही तीन टाके घातले. नीट मोजून तीन. चौथ्याला दाभण बोटात गेलं आणि मग मी पळालो. एवढ्या पायऱ्या मी जन्मात कधी एका दमात चढलो नव्हतो.

खोकं उलटं पडलेलं. पाण्याच्या टाकीखाली, पाइप आणि भिंतीच्या फटीत ती अंग चोरून बसलेली, आणि बाहेर कावळा मान तिरकी करून चोच घालतोय. ती ओरडत होती. चिक्-चिक्-चिक्, न थांबता. असा आवाज तिने घरात कधी काढला नव्हता. तो तिला कुणी शिकवला? कावळ्याला हाकललं, हात घातला, तर कडकडून चावली. शेपटी अर्धी नव्हती.

कापूस दाबून धरला. रक्त थांबायला बराच वेळ लागला. ती गार पडत चालली होती. शर्टाच्या आत, उघड्या छातीवर घेऊन बसलो. हिने एकदा सांगितलं होतं, वॉर्डात उबेची काचपेटी कमी पडली की बाळाला असंच आईच्या छातीवर बांधतात. तिचं काळीज एवढं जोरात चाललं होतं की माझं कुठलं आणि तिचं कुठलं ते कळेना.

चारला दोन थेंब प्यायली. सहाला पाच.

९ मार्च

दुकान बंद. दूध, कापूस, गरम पाणी. जिवंत आहे. मला बघून मोज्यात मागे सरते.

१० मार्च

दुपारी टॅक्सी थांबली. आधी ही उतरली, मग हिच्या खांद्यावर हात टाकून मास्तर. माझे हात शिवशिवले. मग टॅक्सीवाल्याने कुबड्या काढल्या आणि मास्तरांचा उजवा पाय दिसला. पांढऱ्या बँडेजचा हा एवढा गोळा.

त्यांना वर पोचवून ही आली आणि खुर्चीत बसली. तीन दिवसांत तीन वर्षांनी थकलेली.

"साखरेचा आजार आहे त्यांना. पायाला जखम होती, महिनाभर मी रोज ड्रेसिंग करत होते. भरेना. दोन बोटं काढावी लागली. आमच्याच हॉस्पिटलात केलं. जवळ थांबायला कुणी नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती. मुलाला कळलं तर तो हे घर बंद करून त्यांना घेऊन जाईल, कुठल्यातरी खोलीत ठेवील. आणि अहो, तुमच्या पोटात काही राहतं का? सकाळी तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळी रस्त्याला कळलं असतं."

मग उठली, खोक्याशी गेली. मोजा उचलला.

तिच्या पाठीकडे बघत मी म्हणालो, "मांजर आली होती. गच्चीचं दार उघडं राहिलं."

तिने जखम बघितली, कापूस बदलला. "स्वच्छ ठेवलीय तुम्ही," म्हणाली. मग, "माझीच चूक. एवढ्याशा जिवाला टाकून जायलाच नको होतं."

मी दुकानात जाऊन बसलो.

१९ मार्च

जखम वाळली. आता फक्त गोंडा नसलेली एक आखूड काडी राहिलीय. तोल जातो. पडद्यावरून उडी मारते, खुर्ची चुकते, जमिनीवर आपटते. पुन्हा चढते. दर वेळी ती आपटली की ही माझ्याकडे बघत नाही, स्वतःच्या हातांकडे बघते. "माझीच चूक" हे पुन्हा म्हणाली नाही, पण मला ते दिवसातून दहा वेळा ऐकू येतं.

मास्तरांवर मी आता जळत नाही असं नाही. ही अजून रोज चारला वर जाते, आता उघडपणे. मला माहीत आहे कशाला जाते. तरी चारला माझा टाका वाकडा पडतो. हे काय आहे?

३ एप्रिल

छत्र्यांच्या काड्या वाकवून, त्यावर जाळी ताणून मोठा पिंजरा केला. आत काथ्याचे दोर, शिरीषाच्या सालीसकट फांद्या. दोन फांद्यांमधलं अंतर रोज चार बोटं वाढवतो. आधी पडायची. मग थांबायला लागली. बसते, मान वरखाली करून अंतर मोजते, मग उडी टाकते. शेपटी असलेल्यांना एवढा विचार करावा लागत नाही.

"किती मेहनत घेता हो तुम्ही तिच्यासाठी," ही म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. चौतीस वर्षं ज्याची वाट बघितली तो हा हात. मला तो सहन झाला नाही.

१२ एप्रिल

आज सोडलं. मास्तरांच्या सल्ल्याने कॅनव्हासचं पोतडीसारखं घरटं शिवून शिरीषाच्या फांदीला बांधलं होतं. चार दिवस पिंजरा त्याच्याजवळ ठेवला आणि आज दार उघडलं. मास्तर वरून दुर्बिणीत बघत होते, आम्ही आमच्या खिडकीतून. ती बाहेर आली, खोडाला चिकटली, मग डोकं खाली करून वीतभर उतरली, पुन्हा वर गेली. दहा मिनिटांत पानांत दिसेनाशी झाली. मागे वळून वगैरे काही बघितलं नाही.

हिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्यामुळे अधू झाली नाहीतर..." म्हणाली.

तिथेच सांगून टाकलं. सगळं. फोन, कुलूप, मास्तर आणि ती यांच्याबद्दल जे मनात आलं ते, कठडा, झाकण, कावळे. तीन टाकेसुद्धा.

ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं मास्तरांवरून भडकेल. तो भाग तिने बाजूलाच ठेवला.

"म्हणजे राग माझा होता," ती म्हणाली, "आणि कठड्यावर तिला ठेवलंत."

"हो."

"वॉर्डात यायची अशी बाळं. बापाचा राग आईवर, आणि आपटलेलं पोर आमच्या पाळण्यात. मग तो बाप यायचा रडत. चौतीस वर्षं मी असल्या बापांना दाराबाहेर उभं केलं. एकालाही आत घेतलं नाही."

आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. जोरात नाही. वॉर्डाचं लावतात तसं, आवाज न करता.

१३ एप्रिल

बोलत नाही.

१६ एप्रिल

बोलत नाही. चहा मात्र वेळेवर आणि गरम. गार असता तर बरं झालं असतं.

मुलीचा फोन आला होता. "आईचा आवाज असा का येतोय?" मी सांगितलं. तिलाही सगळं सांगितलं. ती या वेळी हसली नाही. "बाबा, आता लगेच माफी मिळवायच्या मागे लागू नका," एवढंच म्हणाली.

१८ एप्रिल

चारला ही दुकानात आली. हातात रुमालाने झाकलेला ट्रे. सहा दिवसांनी पहिलं वाक्य:

"चला वर."

"मी?"

"पाय धरायला माणूस लागतो. मला एकटीला वाकवत नाही आता. हात धुवा. कोपरापर्यंत."

मास्तरांच्या घरी मी याआधी कधी गेलोच नव्हतो, उंबऱ्यापर्यंतसुद्धा नाही. एक पलंग, पुस्तकं, खिडकीशी खुर्ची. मास्तर ओशाळले. "अहो, तुम्ही कशाला..." म्हणत पाय आखडून घेऊ लागले. मी जमिनीवर बसलो आणि त्यांची टाच मांडीवर घेतली. हलकी होती. एवढा उंच माणूस, आणि पाय पोरासारखा हलका. ही बँडेज सोडत गेली आणि जिथे दोन बोटं असायला हवी होती ती जागा दिसली. मी मान वळवली.

"बघा," ही म्हणाली. "बघितल्याशिवाय धरता येत नाही."

बघितलं. मास्तर वर छताकडे बघत होते, आणि दुखू नये म्हणून असेल किंवा मला बरं वाटावं म्हणून असेल, बोलत होते. "आपली आखूडशेपटी दिसली बरं का काल. कॅनव्हास सोडला तिने, वरच्या फांदीच्या बेचक्यात नवं घर करतेय. काथ्या ओढून नेत होती. तिच्या उड्या लहान असतात, पण मोजून मारते. आपल्या इमारतीतली मांजर भारी लबाड हो. बिचारीची शेपटी..."

"मांजर नव्हती," मी म्हणालो. "मी होतो."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग हिच्याकडे. ही पट्टी गुंडाळत होती, तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. बँडेज संपेपर्यंत मी टाच धरून होतो.

२१ एप्रिल

रोज चारला जातो. कालपासून जखम मी पुसतो, ही शेजारी उभी राहून सांगते. "कडेने. मधून नाही. पुन्हा तोच कापूस नको." वॉर्डातल्या पोरींना असंच झापत असणार. अजून ती मला पूर्वीसारखं 'अहो' म्हणत नाही, नुसतं 'हं, आता' म्हणते. मी घाई करत नाही.

२८ एप्रिल

आज सगळं ड्रेसिंग मी एकट्याने केलं. जुनी पट्टी भिजवून सोडवली, पुसलं, मलम, जाळी, पट्टी. पट्टीचं टोक मी चिकटवत नाही, आत दुमडून दाबतो. छत्रीचं कापड काडीवर बसवताना करतो तसं. सुटत नाही आणि टोचतही नाही.

मास्तरांनी पाऊल डावी-उजवीकडे हलवून बघितलं. "सिस्टर, राग मानू नका," म्हणाले, "पण यांचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे."

ही डबीचं झाकण लावत होती. "असं?" म्हणाली.

घरात आल्यावर मात्र साबण हातात फिरवत म्हणाली, "हलका! दाभण धरणारा हात तो. चौतीस वर्षं मी सातशे-सातशे ग्रॅमची बाळं हाताळली, कुणी असं बोललं नाही मला." मग साबण खाली ठेवला. "उद्या मी करेन."

"उद्या माझाच वार आहे."

"कुणी ठरवलं?"

"मास्तरांना विचार."

तिने नळ जरा जास्तच जोरात बंद केला. "अहो," म्हणाली, "फार शेफारू नका."

वळून आत गेली. भांडी आदळली, दोन-तीन. हा आवाज मी चांगला ओळखतो. फेब्रुवारीपासून माझ्या पोटात रोज हाच वाजत होता.